समुद्री शेवाळ: वाडीत, कुंडीत आणि स्वयंपाकघरात

शेवाळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात निसरडा झालेला विहिरीचा काठ येतो. गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली पत्रे मात्र समुद्रातल्या शेवाळाविषयी आहेत. कातळाला धरून वाढणारे, ओहोटीला उघडे पडणारे आणि भरतीला पुन्हा पाण्याखाली जाणारे हे शेवाळ हिरव्या, तपकिरी आणि लाल अशा तीन मोठ्या गटांत मोडते. त्याला खरी मुळे नसतात. कातळाला चिकटून राहण्यापुरती पकड तेवढी असते आणि लागणारे सर्व अन्नघटक ते सर्वांगाने समुद्राच्या पाण्यातून शोषून घेते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील बहुतेक उत्तरांमागचे कारण समजेल, कारण पाण्यात जे असते ते शेवाळात साठत जाते, मग ते झाडांना उपयोगी पालाश असो, माणसाला अल्प प्रमाणात आवश्यक असलेले आयोडीन असो किंवा सांडपाण्यातून आलेले जड धातू असोत.

प्रश्न: आमची माड-पोफळीची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. थंडीच्या दिवसांत पुळणीवर तपकिरी रंगाचे, बारीक फुगे असलेले शेवाळ पुष्कळ वाहून येते. ते झाडांच्या आळ्यांत घातले तर चालेल का? खारटपणामुळे नुकसान होईल अशी वडिलांना भीती वाटते. (एक बागायतदार, गुहागर)

उत्तर: आपण वर्णन केलेले शेवाळ बहुधा सरगॅसम या तपकिरी वंशातील आहे. ते बारीक फुगे हवेने भरलेले असतात आणि त्यांच्या आधाराने ही वनस्पती पाण्यात उभी राहते, तुटली की तरंगत किनाऱ्याला लागते. ते खत म्हणून अवश्य वापरावे. शेणखताशी तुलना केली तर त्यात नत्र साधारण तेवढेच, स्फुरद कमी आणि पालाश बराच जास्त असतो. माडाला पालाशाची भूक मोठी असते हे आपण जाणताच. शिवाय जमिनीवरच्या झाडांना कणखर करणारे लाकडी द्रव्य शेवाळात नसल्यामुळे ते लवकर कुजते, आणि समुद्रातून आलेले असल्यामुळे त्याबरोबर तणाचे बी येत नाही, जे शेणखताबाबत आपल्याला नेहमी सोसावे लागते.

वडिलांची भीती अनाठायी नाही, पण ती झाडागणिक वेगळी तोलली पाहिजे. माडाला मीठ सोसते; कोकणात माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची जुनी रीत आहे. पोफळीला मात्र खारे पाणी मानवत नाही, आंब्याची कोवळी कलमे आणि घेवड्यासारखी पिके तर फारच नाजूक असतात. म्हणून माडाच्या आळ्यात एकदा गोड्या पाण्याने खळबळून घेतलेले शेवाळ बुंध्यापासून थोडे दूर, पातळ थरात पसरून वर पालापाचोळा टाकला तरी पुरे. पोफळीसाठी आणि भाजीपाल्यासाठी ते आधी कुजवून घ्यावे. त्याचा ढीग उघड्यावर, पाण्याचा निचरा होईल अशा उंच जागी करावा आणि शेवाळाच्या एका थरावर सुक्या पानांचे किंवा भाताच्या पेंढ्याचे तीन थर येतील असे प्रमाण ठेवावे. नुसत्या ओल्या शेवाळाचा ढीग केला तर आत हवा खेळत नाही, कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते आणि शेजारी तक्रार करतात. पावसाळ्याची एक सर अंगावरून गेली की उरलेले मीठ बऱ्यापैकी निघून जाते. ताजे शेवाळ मातीत मिसळले असेल तर लगेच बी पेरू नये; तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत.

आपण करीत आहात ते नवे नाही, आणि म्हणूनच ते निर्धास्तपणे करावे असे मला वाटते. आयर्लंडच्या पश्चिमेकडील ॲरन बेटांवर उघड्या चुनखडीच्या कातळावर माणसांनी वाळू आणि शेवाळाचे थर पिढ्यानुपिढ्या पसरून माती अक्षरशः तयार केली आणि तीत बटाटे पिकवले. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर शेतात घालण्याच्या शेवाळाला ‘व्रॅक’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि ते कोणी, केव्हा गोळा करावे याचे नियम तेथे शेकडो वर्षांपूर्वीच ठरले होते.

त्या नियमांमागचा विवेक आपणही पाळावा. जे लाटांनी आणून टाकले आहे तेच उचलावे. कातळावर जिवंत वाढणारे शेवाळ खरवडू नये, कारण त्याच्या आडोशाला माशांची पिल्ले, खेकडे आणि कालवे वाढतात. पुळणीवरचेही सगळे उचलू नये, त्यावर लहान जिवांचे आणि पाखरांचे पोट असते. शेवाळात गुंतलेले जाळ्यांचे नायलॉनचे धागे आणि प्लास्टिक हाताने निवडून काढावे. कारखान्यांचे सांडपाणी येऊन मिळते अशा खाडीच्या मुखाशी लागलेले शेवाळ खाण्याच्या पिकाला मुळीच घालू नये.

प्रश्न: गच्चीतील कुंड्यांसाठी मी समुद्री शेवाळाचा द्रव अर्क आणला आणि दर आठवड्याला फवारला. तरीही टोमॅटोची आणि जास्वंदीची खालची पाने पिवळी पडत आहेत. अर्क निकृष्ट आहे का? (एक गृहिणी, पुणे)

उत्तर: अर्क चांगलाही असेल, त्याच्याकडून केलेली अपेक्षा चुकीची आहे. खालची, म्हणजे जुनी पाने आधी पिवळी पडणे हे बहुतेक वेळा नत्राच्या कमतरतेचे लक्षण असते, आणि पाण्यात मिसळून फवारलेल्या शेवाळाच्या अर्कातून झाडाला मिळणारे नत्र नगण्य असते. या अर्काचे काम निराळे आहे. शेवाळात सायटोकायनिन आणि ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकांचे अंश, बीटेन आणि मॅनिटॉल अशी द्रव्ये असतात. ती अत्यल्प मात्रेत मुळांच्या फुटव्याला चालना देतात आणि झाडाला ऊन, पाण्याचा ताण किंवा पुनर्लागणीचा धक्का सोसायला मदत करतात.

तेव्हा आधी कुंडीतील वरची दोन बोटे माती काढून तेथे मूठ-दोन मुठी गांडूळखत घालावे. अर्क दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाहून जास्त न घेता, सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर फवारावा. जास्त घातल्याने जास्त फायदा होतो ही समजूत संप्रेरकांच्या बाबतीत उलटी ठरते, कारण मात्रा वाढली की तीच द्रव्ये वाढ खुंटवू शकतात. रोप एका कुंडीतून दुसरीत हलवताना त्याची मुळे पातळ अर्कात काही मिनिटे बुडवणे, हा मला या अर्काचा सर्वांत चांगला घरगुती उपयोग वाटतो. कुंडीच्या मातीवर किंवा काठावर पांढरट थर दिसू लागला असेल तर ते साठलेले क्षार आहेत. एकदा तळातून पाणी वाहून जाईपर्यंत साधे पाणी घालावे.

प्रश्न: द्राक्षबागेसाठी विक्रेते शेवाळाची निरनिराळी औषधे सुचवतात आणि रासायनिक खत निम्मे करता येईल असे सांगतात. कोणावर विश्वास ठेवावा? (एक द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर: खत निम्मे करता येईल या दाव्यावर माती आणि देठ परीक्षणाशिवाय विश्वास ठेवू नये. शेवाळाचा अर्क खताची जागा घेत नाही. दिलेले खत झाडाने अधिक चांगले उचलावे यासाठी तो साहाय्य करतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणाऱ्या उत्पादनांचा, समावेश केला आणि शेवाळाचे अर्क त्या वर्गात येतात. त्याआधी ही उत्पादने बऱ्याच अंशी नियंत्रणाबाहेर विकली जात. म्हणून लेबलावर या आदेशाखालील उल्लेख, घटकांचे प्रमाण, तुकडी क्रमांक आणि मुदत आहे की नाही हे पाहावे, आणि पक्की पावती घ्यावी.

अर्क कोणत्या शेवाळाचा आहे हेही विचारावे. परदेशी अर्कांपैकी बरेचसे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील ॲस्कोफायलम या तपकिरी शेवाळाचे असतात. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने कॅपाफायकस या लाल शेवाळासाठी एक सोपी पद्धत विकसित केली. ताजे शेवाळ चिरडून त्याचा रस वेगळा काढायचा, तो पिकांसाठी वापरायचा, आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन हे खाद्यउद्योगाला लागणारे द्रव्य काढायचे. इफ्को या सहकारी खत संस्थेचे ‘सागरिका’ हे उत्पादन याच तंत्रज्ञानावर आधारलेले आहे. यांपैकी अमुकच घ्या असे मी सांगणार नाही. बागेतल्या दोन ओळी फवारणीविना सोडाव्यात, बाकी सर्व कामे सारखी ठेवावीत आणि छाटणीपासून काढणीपर्यंत फुटवे, मण्यांचा आकार व वजन यांची नोंद ठेवावी. आपल्या मातीत पैसे वसूल होतात की नाही, हे त्या दोन ओळी कोणत्याही विक्रेत्याहून स्पष्ट सांगतील.

प्रश्न: आमच्याकडे कोणीही मांसाहार करीत नाही, म्हणून पुडिंगसाठी मी जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरते. दुधाचे पुडिंग छान होते, पण लिंबाचे कधी जमतच नाही, आणि आंब्याच्या गरात गुठळ्या होतात. चायना ग्रास हे खरोखर गवत आहे का, आणि ते उपासाला चालते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाव गवताचे असले तरी ती वस्तू समुद्रातली आहे. लाल शेवाळ पाण्यात उकळून, गाळून, गोठवून आणि वाळवून जे पांढरे, हलके धागे मिळतात तेच चायना ग्रास. त्याचे मूळ नाव अगार. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. अगारचा प्राण्यांशी काहीही संबंध नाही. भारतात अगारसाठी लागणारे शेवाळ मुख्यत्वे तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातून येते. तेथील मच्छीमार स्त्रिया बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून पाण्यात बुड्या मारतात आणि खडकावरून ते खुडून आणतात. आपल्या वाटीतल्या त्या पारदर्शक वडीमागे एवढे कष्ट असतात, म्हणून ते मुद्दाम लिहिले. त्याच किनाऱ्यावरील मुस्लिम घरांत रमजानमध्ये अगारची ‘कडलपासी’ इफ्तारीला करतात. त्या तमिळ शब्दाचा अर्थ समुद्री शेवाळ असाच आहे.

आता आपल्या दोन अडचणी. अगार उकळीच्या जवळ गेल्याशिवाय विरघळत नाही, पण एकदा विरघळले की साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रीजमध्ये न ठेवताही, घट्ट होते. आपण फ्रीजमधला थंड आमरस गरम अगारमध्ये ओतत असाल, तर अगार जागच्या जागी थिजते आणि त्याच त्या गुठळ्या. रस आधी कोमट करून घ्यावा आणि अगार गरम असतानाच थोडा थोडा घालून ढवळावा. लिंबाच्या बाबतीत दोष आंबटपणाचा आहे. आंबट रसाबरोबर उकळले की अगारचे लांब रेणू तुटतात आणि त्याची घट्ट होण्याची शक्ती जाते. म्हणून ते साध्या पाण्यात किंवा साखरेच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, आच बंद करून, मगच लिंबाचा रस घालावा. अर्धा लिटर पातळ पदार्थाला चार-पाच ग्रॅम अगारपूड पुरते. आंबट पदार्थाला किंचित जास्त घ्यावी. धागे असतील तर अर्धा तास आधी भिजवावेत. अगारचा एक मोठा फायदा असा की ताज्या अननसातही ते घट्ट होते. जिलेटिन तेथे फसते, कारण अननसातील विकर प्रथिने पचवून टाकते आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे.

स्वयंपाकघरातल्या याच गुणाने अगार प्रयोगशाळेत पोहोचले. जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेसे उन्हाळ्यात जिलेटिन वितळत असल्याने हैराण झाले होते. तेव्हा त्यांची पत्नी फॅनी हेसे यांनी आपण जेली घट्ट करण्यासाठी वापरतो ते अगार सुचवले. त्यांना ते जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून माहीत झाले होते. १८८२ पासून जिवाणू वाढवण्यासाठी अगार वापरात आले आणि आजही आपल्या रक्त-लघवीच्या जिवाणू तपासण्या त्याच्याच बशीत होतात.

उपासाविषयी निर्णय आपल्या घरच्या रीतीप्रमाणे घ्यावा. त्यात धान्य नाही आणि प्राणिज काही नाही, एवढे खात्रीने सांगता येते. शेवाळ आपण एरवीही नकळत खातोच. आइस्क्रीमच्या किंवा चॉकलेट दुधाच्या वेष्टनावर ४०१, ४०६ किंवा ४०७ हे क्रमांक दिसले तर ते अनुक्रमे सोडियम अल्जिनेट, अगार आणि कॅराजीनन आहेत. तिन्ही समुद्री शेवाळापासून मिळतात.

प्रश्न: ओसाकाला असलेल्या मुलाने कोम्बू आणि नोरी ही सुकवलेली समुद्री शेवाळे पाठवली आहेत. पत्नी थायरॉइडची गोळी घेते आणि माझे वडील रक्त पातळ करण्याचे वॉरफरिन घेतात. आम्ही हे खावे का? (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर: पत्नीने कोम्बू टाळावे आणि वडिलांनी नोरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. कोम्बू हे जपानी रश्श्याचे प्राण आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी त्यातूनच ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. परंतु प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, अमेरिकेत १,१०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात, आणि सुक्या कोम्बूच्या एकाच ग्रॅममध्ये २,००० मायक्रोग्रॅमहून अधिक आयोडीन असू शकते. उकळल्यावर त्यातले पुष्कळसे पाण्यात उतरते, पण रस्सा म्हणून आपण तेच पाणी पितो. आपले मीठ आयोडीनयुक्त असल्याने ती गरज आधीच भागते, आणि अतिरिक्त आयोडीनमुळे थायरॉइडचे काम मंदावते किंवा भडकते.

नोरीत आयोडीन पुष्कळच कमी असते, त्यामुळे निरोगी माणसाने तिच्या दोन-चार पापडांएवढ्या चकत्या भातावर चुरून खाण्यात काही वावगे नाही. मात्र तिच्यातील के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करते. हिजिकी नावाचे काळे, दोऱ्यांसारखे शेवाळ मुलाने कधी पाठवले, तर ते कोणीच खाऊ नये. त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त आढळल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते न खाण्याचा सल्ला दिला आहे.

प्रश्न: गाईंना शेवाळ चारले की त्यांच्या पोटातील मिथेन कमी होतो असे वाचले. किनाऱ्यावरचे शेवाळ आणून चारावे का? (एक दूध उत्पादक, शिरोळ)

उत्तर: नाही. तो गुण प्रामुख्याने ॲस्पॅरागॉप्सिस या लाल शेवाळाचा आहे. त्यातील ब्रोमोफॉर्म हे द्रव्य पोटातील मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना रोखते, आणि ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत चाऱ्यातील अत्यल्प मात्रेनेही मिथेन मोठ्या प्रमाणात घटलेला दिसला आहे. पण मात्रा मोजून द्यावी लागते, आणि किनाऱ्यावरच्या मिश्र शेवाळात काय काय आहे हे घरी समजणार नाही. मीठ, आयोडीन आणि जड धातू दुधात उतरण्याचा धोका पत्करू नये.

प्रश्न: आमच्या महिला बचत गटाला तमिळनाडूप्रमाणे शेवाळाची शेती करायची आहे. मालवणच्या समुद्रात ती होईल का? (बचत गटातील एक सदस्य, मालवण)

उत्तर: आपल्या गटाने हा विचार केला याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून उत्साहाबरोबर अडचणीही सविस्तर लिहितो. रामनाथपुरम जिल्ह्यात मंडपमच्या परिसरात स्त्रियांचे गट तीन मीटर लांब-रुंद बांबूच्या तराफ्यांवर दोऱ्या ताणतात, त्यांना कॅपाफायकसचे तुकडे बांधतात, आणि सुमारे ४५ दिवसांनी काढणी करतात. काढलेल्या मालातले काही तुकडे पुढच्या लागणीचे बी म्हणून ठेवले की नवे बी विकत घ्यावे लागत नाही. जमीन, गोडे पाणी, खत यांपैकी काहीही लागत नाही. मात्र दहा किलो ओले शेवाळ वाळून जेमतेम एक किलो भरते, हे हिशेबात धरावे.

मंडपमजवळच्या पाल्कच्या उपसागरात समुद्र वर्षातला बराच काळ शांत असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तराफा पाण्यात टिकणार नाही. शिवाय पावसाळ्यात कर्ली, गड या नद्यांचे गढूळ गोडे पाणी समुद्रात येते, खारटपणा उतरतो आणि कॅपाफायकस कुजते. म्हणजे ऑक्टोबरनंतरचे सात-आठ महिनेच हाती उरतात, आणि पावसाळ्यात बी जिवंत ठेवायचे कोठे, हा आपल्या किनाऱ्यावरचा खरा प्रश्न आहे. तमिळनाडूतही २०१३ च्या सुमारास पाणी तापल्याने मोठ्या प्रमाणावर पीक मेले होते, तेव्हा एकाच जातीवर सारे अवलंबून ठेवू नये.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. कॅपाफायकस हे मूळचे आपले नव्हे. फिलिपाइन्समधील ही जात १९८० च्या दशकात भारतात आणली गेली, आणि २००८ मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ ती जिवंत प्रवाळावर पसरल्याचे संशोधकांनी नोंदवले. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे. अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिच्या लगत हे शेवाळ लावण्याचा विचारही करू नये. त्याऐवजी आपल्याच कातळांवर उगवणाऱ्या ग्रासिलारियासारख्या, अगार देणाऱ्या स्थानिक लाल शेवाळाची चाचणी घेता येते का, हे आधी पाहावे.

यासाठी रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाशी आणि केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राशी संपर्क साधावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तराफे व दोऱ्यांसाठी साहाय्याची तरतूद केली गेली होती; सध्याच्या अटी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचाराव्यात. वाळवलेला माल कोण, किती ओलाव्याचा आणि कोणत्या भावाने घेणार, हे लेखी ठरल्याशिवाय कर्ज काढू नये. पहिल्या हंगामात दोन-तीन तराफ्यांहून अधिक लावू नयेत, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाते किंवा होड्या ये-जा करतात ती जागा टाळून, रापणकर संघाशी बोलूनच खुंट रोवावेत.